घड्याळ नसलेला बोर्ड

पाणीपुरवठ्याच्या वर्कशॉपमध्ये सगळे तिला थोरली म्हणत, कारण तिची जाऊही तिथेच कामाला होती. ती धाकटी. पंपघरांतले जुने कंट्रोल बोर्ड थोरलीने उमेदीची वर्षं घालून जिवंत ठेवले होते.

त्या बोर्डांवरचा प्रोसेसर सहसा कुठे सापडत नाही. पंपांना जाणारे हुकूम उघडेच जात. कुणीही मध्ये घुसून पंप बंद केला असता. म्हणून बोर्डांवर चालणाऱ्या लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यातच, व्हीपीएन, म्हणजे दोन टोकांमधली खासगी वाट, बसवायचं ठरलं. हुकूम कुलूपबंद होऊन जावेत. या प्रोसेसरसाठी तयार काही मिळेना, सगळं स्वतः जुळवायचं. साहेबांनी काम दिलं धाकटीला.

थोरलीच्या पोटात दुखलं. त्यात घरी सासूबाई म्हणाल्या, "धाकटीला जरा बसू द्या. डोक्याचं काम आहे तिचं."

"आणि माझं काय, पायाचं?" थोरलीने ताट उचललं.

धाकटी राबली, हे तिलाही नाकारता येईना. हा प्रोसेसर आकडे उलट्या क्रमाने मांडतो, त्यामुळे दोन्ही टोकांच्या कुलुपांच्या किल्ल्या जुळत नव्हत्या. धाकटीने एकेक ओळ तपासून त्या जुळवल्या. थोरली शेजारच्या टेबलावरून बघत होती. एक गोष्ट तिला ठाऊक होती. या बोर्डांना घड्याळाचा सेल नाही. वीज गेली की त्यांची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. अशी मागची वेळ आली की पलीकडच्या, हुकूम पाठवणाऱ्या टोकाला वाटतं, कुणी जुनाच निरोप चोरून परत पाठवतोय, आणि ते दार उघडत नाही. वर्कशॉपमध्ये धाकटी दर वेळी तारीख हाताने घालायची. थोरलीने ते पाहिलं आणि चहा प्यायला गेली.

बोर्ड पंपघरात बसवल्यावर साहेब म्हणाले, "वीज घालवून दाखवा."

खटका थोरलीनेच ओढला. जरा जोरातच. वीज परत दिली, बोर्ड उठला, व्हीपीएन काही जुळेना. धाकटीचा चेहरा उतरला. थोरलीला बरं वाटलं; खोटं कशाला सांगा.

"राहू द्या," साहेब म्हणाले. "बाहेरच्या कंपनीकडून नवे बोर्ड घेऊ. हे भंगारात."

थोरलीची कानशिलं तापली. धाकटीला दिलेलं काम सलत होतं. पण परक्याने आपल्या बोर्डांना हात लावावा, हे सहनच होईना.

"थांबा साहेब. धाकटे, याला घड्याळ नाही. वेळ अधूनमधून साठवत जा आणि उठताना तिच्या थोडं पुढूनच सुरू कर. व्हीपीएन त्यानंतर. लिही, बघतेस काय?"

धाकटीने तिथेच बसून लिहिलं. थोरलीने पुन्हा खटका ओढला. या वेळी जुळलं. पंप हुकूम ऐकू लागला.

"शाब्बास, धाकटी!" म्हणत साहेब गाडीकडे गेले.

थोरलीने बोर्डाच्या पेटीचं झाकण आपटलं.

"ताई, तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना?"

"होतं."

"मग सांगायचं नाही?"

"विचारायचं नाही?" थोरलीने पेचकस घेतला. "धर झाकण. नीट धर. शाब्बासकी तुझी झाली. स्क्रू मलाच आवळायचेत."