निवेदकाचा दोष नव्हता

साठ वर्षं झाली, आमच्या घरात एका रेडिओ निवेदकाला बोलणी बसत आली आहेत. तो माणूस कोण, कुठला, आम्हाला ठाऊक नाही; आमच्यापर्यंत फक्त त्याचा आवाज यायचा. त्याने माझ्या थोरल्या बहिणीचं नाव खाल्लं, हा तिचा आरोप. तो आरोप खोटा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण ते नाव मी खाल्लं होतं. आता अठ्ठ्याहत्तरी गाठली आहे, तेव्हा झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

बहिणीला मी जिजी म्हणतो. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. चांदनी गावाकडे केळी लावणाऱ्या घरात दिलेली. भाऊजी गेल्यावरही ती तिथेच राहत होती, पण काचबिंदूने नजर जवळजवळ गेली तेव्हा मी तिला बुऱ्हाणपूरला माझ्याकडे आणलं. माझी बायको वारलेली, मुलगा पुण्याला. घरात आम्ही दोघंच. टीव्ही जिजीच्या काही कामाचा उरला नव्हता. "दिसत तर काही नाही, नुसती भांडणं ऐकू येतात," ती म्हणायची. तिला रेडिओ हवा होता, जुनी गाणी आणि मधून मधून बोलणारा एखादा माणूस. घरातल्या ट्रान्झिस्टरवर आता खरखरीपलीकडे काही लागत नाही.

मुलाने मागे ठेवलेला कॉम्प्युटर कापडाखाली झाकून पडला होता. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी शाळेच्या कचेरीत कॉम्प्युटरवर दाखले काढत असे, त्यामुळे भीती नव्हती. मी जिजीला म्हटलं, यावरच रेडिओ लावून देतो.

"त्याले एरियल कुठे हाय?"

"एरियल लागत नाही. इंटरनेटच्या तारेतून येतो."

"बरं. मग खिडकीशी ठेव."

खिडकीचा आणि याचा काही संबंध नाही हे मी तिला दहा मिनिटं समजावलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर हाय तुझं," ती म्हणाली, "खिडकीशी ठेव." मी टेबल खिडकीशी ओढलं. तिथवर तार पुरेना, म्हणून बाजारातून लांब तार आणली.

सगळं जोडायला बसलो तर ती म्हणाली, "आज कायले लावून राहिला? लूम चालू हायेत ना. शुक्रवारी लाव."

हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्या लहानपणी गल्लीच्या मागे यंत्रमागांच्या रांगाच्या रांगा होत्या. आम्ही त्यांना लूम म्हणतो. लूमच्या मोटारी सुरू असल्या की रेडिओत इतकी खरखर व्हायची की गाणं कोणतं हे अंदाजाने ओळखावं लागे. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी लूम थांबत आणि त्या तासाभरात निवेदक जणू शेजारच्या खोलीत बसून बोलत असल्यासारखा ऐकू येई. त्यामुळे गल्ली रेडिओ ऐकायची तो शुक्रवारी. कॉम्प्युटरला लूमचं काही देणंघेणं नाही, हे मला कळत होतं. तरी मी शुक्रवारपर्यंत थांबलो आणि जिजीचं मन राखतोय असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे शुक्रवारचं नाव निघाल्यापासून मला तो रेडिओ लागायलाच नको होता.

शुक्रवारच्या त्या दुपारच्या कार्यक्रमात लोकांच्या फर्माइशीची गाणी लागत आणि गाण्याआधी फर्माइश करणाऱ्यांची नावं वाचली जात. आमच्या गल्लीतून दर आठवड्याला एक पोस्टकार्ड जाई. गाणं जिजी ठरवायची, नावंही तीच सांगायची. अक्षर माझं बरं, म्हणून लिहायचो मी आणि राजघाटाच्या वाटेवरच्या पेटीत टाकायचोही मीच. आमची कार्डं कधी वाचली गेली नव्हती. मग जिजीचं लग्न ठरलं. तिने नव्या जोमाने एक कार्ड सांगितलं, त्यात पहिल्यांदाच स्वतःचं नाव घातलं, आणि सासरी निरोप धाडला की शुक्रवारी रेडिओ ऐकत जा. त्या काळी ठरलेल्या मुलामुलीने एकमेकांशी बोलायची सोय नव्हती. तिच्याकडून त्या घरी जाणारी ती पहिली गोष्ट होती.

आणि तेच कार्ड वाचलं गेलं. माझं नाव आलं, गल्लीतली आणखी चार आली, जिजीचं आलं नाही. चांदनीला भाऊजी आणि त्यांची बहीण, ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले होते. लग्नात नणंदेने विचारलं, "रेडिओत येणार होती ना तू?" तेव्हापासून सासरी जिजीचं नाव पडलं 'रेडिओवाली'. भाऊजी अगदी शेवटपर्यंत तिला तसंच चिडवत. जिजी म्हणायची, त्या निवेदकाने माझं नाव खाल्लं. मीच तिला तसं सांगितलं होतं: वेळ कमी पडला की ते नावं गाळतात.

तर शुक्रवार उजाडला. मी कॉम्प्युटर सुरू केला, जुन्या गाण्यांचं एक स्टेशन शोधून काढलं आणि बटण दाबलं. पडद्यावर सगळं हलत होतं, आवाज मात्र नाही. पंधरा मिनिटं मी खटपट करत होतो.

"मौनव्रताचं स्टेशन लावलं का रे?" जिजीने खाटेवरून विचारलं.

स्पीकरची पिन मी माइकच्या भोकात घातली होती. शेजारच्या हिरव्या भोकात घातल्याबरोबर खोलीभर गाणं झालं, एवढ्या जोरात की जिजीने कानावर हात ठेवले आणि लगेच काढलेही. ती उठून खिडकीशी आली. स्पीकरला हात लावून बघितला, एकाला, मग दुसऱ्याला. "किती साफ येऊन राहिलं," ती म्हणाली. "शुक्रवार हाय म्हणून."

मी वाद घातला नाही. तिला स्वतःला चालू-बंद करता यावं म्हणून कीबोर्डच्या लांब कळीवर एक टिकली चिकटवली. बोटाला टिकली लागली की दाबायचं. गाणं थांबतं, पुन्हा दाबलं की सुरू. दोन वेळा करून बघितल्यावर तिला ते इतकं आवडलं की चांगली चाललेली गाणी ती उगाच थांबवू लागली.

तेवढ्यात गाणं संपलं आणि निवेदक बोलू लागला. पाठवा म्हणाला, तुमची फर्माइश आणि तुमची नावं. मोबाइलवरून पाठवा, कॉम्प्युटरवरून पाठवा, आम्ही वाचू.

"जिजी, पाठवू या का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"नको. यायची जात एकच. पुन्हा नाव खातील."

तिला न सांगताही मला तिचं नाव पाठवता आलं असतं. तिने ऐकलं असतं, खूश झाली असती, आणि तो पूर्वीचा बिचारा निवेदक गुन्हेगारच राहिला असता. मी दोनतीन मिनिटं हाच विचार केला, हे कबूल करतो.

मग म्हटलं, "जिजी, त्या माणसाने तुझं नाव खाल्लं नाही. कार्डावर ते नव्हतंच. मी लिहिलं नव्हतं."

तिचा हात कीबोर्डवर फिरला आणि गाणं थांबलं.

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"जागा उरली नसंल," ती म्हणाली. "कार्ड एवढंसं तर राहायचं." ती मला वाट काढून देत होती.

"जागा होती. तुझ्या जागी मी दुसरं नाव लिहिलं. माझ्या नावाला लागून ते यावं म्हणून."

"कोणाचं?"

"कोपऱ्यावरच्या घरातली. दोन वेण्यांची."

"तिचं नाव आलं होतं खरं. मी म्हटलंही, हिनं तर कधी गाणं सांगितलं नाही, हिचं कसं आलं. अरे पण, त्यायच्या घरी रेडिओ कुठे होता?"

"नव्हता. आणि ती त्या आठवड्यात खंडव्याला मावशीकडे गेलेली. मला नंतर कळलं."

जिजी हसली. टेबलाच्या कडेला धरून हसली, मीही हसलो, आणि मग तिचं हसणं थांबलं तरी माझं थोडं पुढे चाललं होतं.

"हे समजायचे, मी थापा मारते," ती म्हणाली. हे म्हणजे भाऊजी. "आता त्यायले कसं सांगू मी?"

मग आम्ही जेवायला बसलो. पोळी मीच वाढली, तिने घेतली. मी भांडी घासली, एरवी ती चाचपडत पुसायला येते, ती आली नाही.

चारच्या सुमारास तिने हाक मारली. "भाऊ, त्या माणसाचं काय करायचं?"

"कोणत्या?"

"ज्याले मी इतके दिवस बोलत आली. बिना कसूर. पाठव त्याच्या नावानं एक गाणं."

"आता तो असेल का, जिजी? आणि नावही माहीत नाही."

"नसू दे. लिही."

मी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि ती सांगू लागली. साठ वर्षांपूर्वी शुक्रवारी दुपारी फर्माइशीची नावं वाचणारे जे निवेदक होते, त्यांचा काही दोष नव्हता. त्यांना जे आवडेल असं तुम्हाला वाटतं ते गाणं लावा. खाली तिचं पूर्ण नाव, माहेरचं आणि सासरचं दोन्ही आडनावांसह, आणि गाव बुऱ्हाणपूर. मी लिहून वाचून दाखवलं.

"लिहिलं ना?"

"लिहिलं."

"मले दिसत नाही," ती म्हणाली आणि भिंतीवर थाप मारून शेजारणीला हाक मारली. शेजारीण निवृत्त मास्तरीण. ती पीठ लागलेल्या हातांनी आली, चष्मा मनगटाने वर सरकवला आणि पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचलं, वर्गात वाचतात तसं.

"माझं नाव हाय?"

"आहे की, पूर्ण आहे. पण जिजी, हे भाऊसाहेबांनी लिहिलेलं मला कशाला तपासायला लावलं?"

"तुमचे भाऊसाहेबच सांगतील," जिजी म्हणाली. "पाठव आता."

पुढच्या शुक्रवारी ते वाचलं गेलं. निवेदक तरुण असावा. मजकूर वाचून तो म्हणाला, त्या साहेबांना काय आवडायचं कोण जाणे, मी आपली एक बासरी लावतो. जिजीचं नाव त्याने दोन्ही आडनावांसह घेतलं. ती खाटेवर ताठ बसून होती.

बासरी संपल्यावर म्हणाली, "चांदनीले फोन लाव. नणंदबाईले."

नणंदबाई पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं. नातसुनेने फोन त्यांच्या कानाला धरला. "अवं, रेडिओत आली मी, आता आली," जिजी ओरडून सांगत होती. "व्हय, माझं नाव. नाही, तेव्हा पण खोटं नव्हती बोलत मी. काय? मग का नाही आलं?"

तिने फोन माझ्यासमोर धरला.

"तू सांग," ती म्हणाली. "जोरानं बोल, त्यायले ऐकू येत नाही."

मी फोन घेतला आणि पोस्टकार्डापासून सुरुवात केली.