फुटका दस्ता

आमच्या शूटिंग रेंजवरच्या सरांनी त्यांची जुनी पॉइंट टू टू रायफल मला विकली, तेव्हा मी चक्क त्यांच्या पाया पडले होते. परवान्याचे खेटे घालून झाले, रायफल माझ्या नावावर झाली आणि पुढचं वर्षभर मी रेंजवरची सगळ्यात वाईट नेमबाज ठरले.

दोन गोळ्या एका जागी बसायच्या, तिसरी वर, चौथी कुठेतरी डावीकडे. सर मागे उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "माझ्या हातात या रायफलीने मेडलं आणलीत. बाईंचा श्वासच जागेवर नाही." मला ते पटत होतं. मी चहा सोडला, डोळे तपासून घेतले, सकाळी उठून श्वासाचे व्यायाम केले. क्लबच्या टीममधून त्यांनी माझं नाव काढलं, तेव्हाही मी "बरं, सर" म्हणाले.

मग इंदिरानगरच्या आमच्या घरात ओट्याखालची कपाटं करायला हरसूलकडचे एक सुतार आले. त्या दुपारी मी रायफल साफ करायला खोलली होती. नळी आणि बोल्टचा लोखंडी भाग, ज्याला अॅक्शन म्हणतात, तो आत कुलूपबंद होता. लाकडी दस्ता तेवढा टेबलावर पडला होता. त्यांनी तो उचलला, पुढच्या स्क्रूच्या भोकाजवळ नख फिरवलं आणि म्हणाले, "ताई, हे फुटलेलं हाय. लांबी भरून वरून पॉलिश मारलंय. काम नवं नाय हे, लय दिवसांचं हाय."

लांबी म्हणजे लाकडाच्या भेगा बुजवतात तो लगदा. नखाने टोकरलं तर त्याचा भुगा पडला. अॅक्शन ज्या जागेवर घट्ट बसायला हवी, तीच जागा भुसभुशीत होती. प्रत्येक गोळीनंतर अॅक्शन केसभर सरकत होती. आणि हे सरांना माहीत होतं, कारण माझ्याआधी ती रायफल त्यांच्याशिवाय कुणाकडेच नव्हती.

मी रडले नाही. सरांना फोनही केला नाही. "पुण्याला पाठव, तिथे दुरुस्त करतील," नवरा म्हणाला. मी म्हटलं, "नाही. हे मीच करणार."

मी दातांच्या कवळ्या बनवते. हिरडीवर कवळी केसभर हलली तरी माणसाला घास गिळवत नाही, हे मला वीस वर्षं माहीत आहे. लॅबमधली बारीक ड्रिल घरी आणली आणि ती लांबी कोरून काढली. एक खडा अख्खा निघाला, तो जपून ठेवला. भेगेत पातळ इपॉक्सी गोंद सोडून शिकंजा आवळला. दुसऱ्या दिवशी अॅक्शन रिकामी असल्याचं तीनदा पाहिलं, गोंद चिकटू नये म्हणून लोखंडाला मेणाचं पॉलिश चोपडलं, स्क्रूची भोकं आमच्या लॅबच्या गुलाबी मेणाने बुजवली. मग इपॉक्सीत अॅल्युमिनियमची पूड कालवून दस्त्यात भरली आणि अॅक्शन वरून हळूच दाबून बसवली. कडेने बाहेर आलेला माल कापसाने टिपताना सरांना काय काय बोलायचं ते मी पुटपुटत होते. इतकं मन लावून मी कुणाची कवळीसुद्धा केलेली नाही.

दोन दिवसांनी अॅक्शन निघेना. मेण कुठेतरी कमी पडलं असेल तर दस्ता आणि अॅक्शन कायमचे चिकटले असणार. हातोडीच्या लाकडी दांड्याने खालून ठोकत राहिले. बऱ्याच वेळाने टक्क आवाज झाला आणि ती सुटली. खाली अॅक्शनचा हुबेहूब ठसा होता, एकही बुडबुडा नाही.

रविवारी रेंजवर दहा गोळ्या मारल्या. दहाही रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ बसल्या. सर टार्गेट हातात घेऊन म्हणाले, "बघा, शेवटी माझं ऐकलंत. श्वास बसला."

मी पिशवीतून तो खडा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. "सर, हे तुमचं. रायफलीबरोबर चुकून माझ्याकडे आलं होतं."

"काय आहे ते?" शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं. मग मी सगळं सांगितलं. आवाज न चढवता, कुठे भेग होती, कशाने बुजवली होती, आणि टीममधून नाव कुणी काढलं. सर चष्मा पुसत राहिले. "मला आठवत नाही," एवढंच म्हणाले.

लोक म्हणतात, वयस्कर माणूस आहे, चारचौघांत असं करायला नको होतं. मला ते एक दिवसही वाटलेलं नाही. माझं वर्ष गेलं, तेही चारचौघांतच गेलं.

त्यानंतर सर रविवारी यायचे बंद झाले. बुधवारी येतात असं कळलं. मग मीही लॅबची सुट्टी बदलून घेतली आणि बुधवारी, त्यांच्या बाजूच्याच लेनवर नेम धरायला लागले.