आवाजासकट लिहिलेले भाग

जळगावच्या एका प्रकाशकानं पोलिसांच्या एका मालिकेचे भाग पुस्तकरूपात लिहायचं काम मला दिलं, तेव्हा नवऱ्यानं सरळ विचारलं, "टीव्हीवर बघितलेलंच लोक पुन्हा वाचतील कशाला?" मलाही उत्तर ठाऊक नव्हतं. ते मला अक्काकडे गेल्यावर मिळालं.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. धुळ्याजवळच्या खेड्यात राहते. तरुणपणापासून ती जिनिंगमध्ये कामाला होती आणि कापसाच्या त्या यंत्रांच्या धडधडाटात तिचे कान हळूहळू गेले. कानाचं मशीन घेतलं, पण त्यात माणसांपेक्षा खरखरच जास्त यायची. सगळे टीव्हीपुढे बसले की ती उठून भाजी निवडायला जायची. त्या भेटीत मी तिला हाताला धरून शेजारी बसवलं. मी लिहीत होते तीच मालिका लागली होती. फौजदार जिन्यात एकदम थबकला, तसा अक्कानं माझा दंड धरला.

"तो काबर थांबना?"

तो का थांबला, ते तिला कळलं नव्हतं. वरच्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली होती. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं होतं. तिच्यापुढे नुसताच एक माणूस जिन्यात उभा होता.

तोवर मी संवाद उतरवून काढत होते, बस. जळगावला परतल्यावर ते प्रकरण फाडलं आणि नव्यानं लिहिलं. खुर्चीचा आवाज, मध्येच बंद पडलेली कुकरची शिट्टी, खोटं बोलताना चिरकणारा बाईचा गळा. ठळक अक्षरांत छापून अक्काकडे घेऊन गेले. ओळीवर बोट ठेवून तिनं ते वाचलं आणि पदरात तोंड लपवलेल्या बाईच्या प्रसंगापाशी माझ्यावरच चिडली.

"माले वाटनं ती बाई रडी राहिनी. ती तं हासी राहिनी!"

इतके दिवस कुणीच तिला हे सांगितलं नव्हतं, याचा तो राग होता.

प्रकाशक मात्र पानं चाळून म्हणाले, "ताई, ही आवाजांची वर्णनं काढा. वाचकांनी मालिका पाहिलेली असते. उगाच पानं वाढतात."

"पाहिली असेल. ऐकली असेलच असं नाही."

"मला वाद नको. नाहीतर दुसरा लेखक बघावा लागेल."

"बघा. आवाज काढायचे तर माझं नावही काढा," म्हणत मी कागद गोळा केले आणि जिना उतरले. रिक्षात बसल्यावर एकदा त्या जिन्याकडे पाहिलं. पण परत वर गेले नाही.

चार-आठ दिवसांनी त्यांचाच फोन आला, "राहू द्या ते आवाज." पुस्तक निघालं. कागद हलका, मुखपृष्ठ भडक, पण आत एकही आवाज कमी नव्हता.

पुढे धुळ्याच्या एका वाचनालयानं बोलावलं. अक्काही आली होती. बोलणं संपल्यावर एका प्राध्यापकांनी विचारलं, "गोष्ट त्यांची, पात्रं त्यांची. यात तुमचं काय? याला साहित्य कसं म्हणायचं?"

आधी अशा प्रश्नांवर मी हसून वेळ मारून नेत असे. त्या दिवशी माईक सोडला नाही. "गोष्ट त्यांचीच आहे, सर. पण ती ज्यांच्या घरात लागते आणि तरी ज्यांच्यापर्यंत पोचत नाही, त्यांना मी ती पोचवते. तुम्ही याला साहित्य म्हणू नका, माझी हरकत नाही. मी लिहायचं थांबवणार नाही."

त्यांचं मत काही बदललं नाही. टाळ्याही जेमतेमच वाजल्या.

बाहेर आल्यावर अक्कानं खुणेनं विचारलं, तो माणूस काय म्हणाला? मी तिच्यासमोर उभी राहून सावकाश ओठ हलवत सांगितलं. तिनं पदर खोचला.

"त्याले ऐकू येस ना? मंग त्यानी नको वाचू," ती म्हणाली, आणि इतक्या मोठ्यांदा म्हणाली, की पायऱ्या उतरणारे प्राध्यापक मागे वळून बघायला लागले. मी तिला गप्प केलं नाही.