चुकीचा नेमका पत्ता

माझा धाकटा भाऊ नितीन गेला त्या दुपारी मी दहावीचे पेपर तपासत होते. "ताई, नितीनचं काहीतरी झालं," फोनवर त्याचा मित्र म्हणाला. हृदय बंद पडलं होतं, सदर भागातल्या त्याच्या ऑफिसात, खुर्चीतच. त्या "काहीतरी"वर नितीन स्वतः भडकला असता, हे मात्र मला तेव्हाही सुचलं...

त्याचं काम मला बरीच वर्षं कळलंच नव्हतं. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणारं सॉफ्टवेअर. नितीन त्याला मुद्दाम चुकीचे प्रोग्राम द्यायचा. "चुका कराचा पगार भेटते तुले?" मी चिडवायचे. "चुका नाही वं ताई, कंपायलर चूक बरोबर पकडते का, ते पाहून राहिलो." एकदा माझ्या गठ्ठ्यातला पेपर उचलून म्हणाला, "तू नुसती फुली मारून राहिली. पोराले कसं समजन काहून चुकलं?" मग त्याने समजावलं. आकड्यात अक्षर मिळवलं तर कंपायलरने हरकत घ्यावी, अशी एक चाचणी. पण त्याच प्रोग्राममध्ये नजरचुकीने कंस राहिला, तर हरकत कंसावर येते, आणि "एरर आला" एवढंच पाहणारी चाचणी पास होते. खरी चूक तशीच सुटते. म्हणून हरकत कोणत्या ओळीवर, कोणत्या शब्दांत यावी, हेही तो चाचणीत लिहायचा. हरकतीची भाषा जरा बदलली की त्याच्या चाचण्या धडाधड नापास व्हायच्या आणि साहेब वैतागायचे. "एरर आला ना, बस!" यावर नितीनचं उत्तर, "साहेब, चोर सुटला अन् शेजारी धरला, तं पकडला म्हणाचं का?" बढती दुसऱ्याला मिळाली. हट्टीपणा आमच्या घरात सगळ्यांनाच आहे.

भेटायला येणारे "लय चांगला माणूस होता" म्हणतात आणि चहा घेऊन जातात. खोटं नाही ते, पण कुणाबद्दलही म्हणता येतं. अशाने तो हळूहळू कुणीही होऊन जाईल, याची मला भीती वाटते. नितीन खापरखेड्याला आईजवळ राहायचा. तिचंही तेच, "घर खाले धावते." परवा न राहवून मी विचारलं, "आई, नेमकं कुठं वं?" रागावेल असं वाटलं होतं. ती फाटकाकडे पाहू लागली.

"फाटकाची कडी," ती म्हणाली. "तुहे बाबा रातपाळी करून दिवसा झोपत, म्हणून तो लहानपणापासून कडी उचलून, हळूच लावे. बाबा गेले तरी तशीच लावे. आता जो येते, तो वाजवते."