ओलावा, माती, डागी

"हा डेटाबेस आहे की ग्रामपंचायतीचा फळा?" टीम लीड सर सगळ्यांसमोर म्हणाले. मग माझ्या बोलीची नक्कल करत कॉलम वाचले. "ओलावा... माती... डागी. कायले ठेवलं वं हे? सांग ना मले."

पुण्याहून आलेली टीम हसली.

शेलूबाजारच्या सोयाबीन खरेदीच्या गोदामात होतो आम्ही. माल आला की इथल्या ऑपरेटर वर्षाताई त्यातला ओलावा, माती आणि डागी, म्हणजे डाग पडलेले दाणे, तपासून तक्त्यात भरतात. तक्ता जसाच्या तसा खिडकीतल्या स्क्रीनवर दिसतो. शेतकरी बाहेरून स्वतः वाचतो, पटलं नाही तर तिथंच भांडतो. कॉलमची मराठी नावं त्यासाठी.

माझा कोड इंग्रजीत होता. कोडमधलं कुठलं नाव तक्त्यातल्या कुठल्या मराठी कॉलमचं, एवढंच मी ओआरएमला, म्हणजे कोड आणि डेटाबेस जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला, सांगितलं होतं. एका नावाला एक ओळ. त्या ओळी सरांनी सकाळी पुसल्या. मला न विचारता. ओआरएम इंग्रजी नावांचे कॉलम शोधत बसलं. खरेदी बंद. बाहेर ट्रॅक्टर खोळंबले.

"गावठी नावं ठेवली की हेच होणार. कुठल्या शाळेत होतीस गं?"

"अनसिंगच्या. जिल्हा परिषदेच्या." मान खाली घालून सांगितलं. गुन्हा कबूल करावा तसं.

"काहून वं पोरी?" वर्षाताई म्हणाल्या. "काल त सारं चालू होतं!"

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. नोकरी लागली तेव्हा याच सरांच्या पाया पडले होते.

मी ओळी परत टाकल्या. खरेदी सुरू झाली.

सर जवळ येऊन हळूच म्हणाले, "ओळी काढल्या म्हणून बंद पडलं, कळतं मला. पण हे मोठ्या क्लायंटला दाखवायचंय. मराठी दिसली की आपण लहान वाटतो. आजच कॉलम बदल."

कळत होतं! तरी दोष माझ्या शाळेला दिला. सगळ्यांसमोर. आणि खरं मात्र कानात सांगितलं.

खिडकीबाहेर एक म्हातारे ओरडत होते, "वर्षा, डागी एवढी कशी वं? चष्मा लाव!"

"या ना बाबा आत, तुमीच निवडा!"

"नाही बदलणार," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"नोकरी नकोय?"

"हवी आहे सर. पण या बाबांना वाचता येणार नाही असं काही मी करणार नाही."

"पुण्यात बघतो तुला."

बघा. मी येणार आहे. माझ्या खुर्चीत बसून हेच सांगणार आहे. काढलं तर काढलं. नोकरीचे उपकार मी कामानं फेडीन. माझ्या माणसांना आंधळं करून नाही.