शेटची मोटार पाड्यावर आली तेव्हा

काही प्रकरणं अशी असतात, की कागद दप्तरी दाखल झाले की डोक्यातूनही जातात. हे गेलं नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, रुळांवरची प्रेतं उचलली. त्यांची आठवण आली तर येते, नाही तर नाही. बोईसरजवळच्या त्या पाड्यावरची दुपार मात्र अजून डोळ्यांपुढे उभी राहते.

गोष्ट साठच्या दशकातली. मी घाटावरचा माणूस, फौजदार म्हणून पालघर भागात नुकताच बदलून आलो होतो. तारापूरच्या समुद्राकाठी वीज प्रकल्पाचं बांधकाम जोरात होतं. चहूकडून माणसं येत होती, आणि जवळच्या सालवड गावात तर लोकांनी गुरांचे गोठेसुद्धा झाडून भाड्याने दिले होते. आमचं काम म्हणजे मारामाऱ्या, साइटवरच्या लोखंडी सळयांची चोरी आणि हातभट्ट्या. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरी, मग अर्जदारांची रांग. नव्या माणसाला गाव कळायला वेळ लागतो. मला तर अजून रस्तेही धड कळले नव्हते.

प्रकल्पावर नकाशे काढणारा एक तरुण सालवडला राहायचा. साताऱ्याकडचा, एकटा. दारू नाही, पत्ते नाहीत, विडीसुद्धा नाही. व्यसन एकच, मोटार. रेल्वेलाईनजवळ एका मेलेल्या शेटची गवताची वखार होती. तिथे गंजींच्या मागे एक जुनी उघड्या टपाची मोटार वर्षानुवर्षं पडून होती. वारसांना ती अडगळ झाली होती, ती यानं उचलून आणली. आईनं लग्नासाठी पाठवलेले मुलींचे फोटो यानं कार्बोरेटरच्या डब्याखाली ठेवले होते, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

मीही एकदा जाऊन गाडी पाहून आलो. इंजीन खोलून जमिनीवर मांडलेलं होतं आणि हा गुडघ्यावर बसून प्रत्येक नट रॉकेलमध्ये धूत होता.

"साहेब, नवी नाही करायची मला," तो म्हणाला. "जशी होती तश्शी करायचीय."

बॉनेटच्या आतला रंग खरवडून त्यानं मूळचा डाळिंबी रंग शोधला होता. टपाचं कापड मुंबईहून आणलं होतं. भोंग्याचा रबरी फुगा कुजून गेला होता. तसाच आवाज देणारा दुसरा मिळावा म्हणून तो जुन्या बाजारात खेपा घालत राहिला, आणि शेवटी वखारीच्या जुन्या राखणदाराला ऐकवून "हाच" असं त्याच्या तोंडून वदवून घेतलं. राखणदारानं त्यापुढे एक शब्द काढला नाही. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

दिवाळी होऊन गेली होती. रानात गवत कापायचे दिवस. एका सोमवारी सकाळी एक वारली तरुण ठाण्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला. प्रकल्पावर मजुरी करणारा होता. आत ये म्हटलं तरी येईना.

"सायेब, माजी व्हनारी बायको गेली," तो म्हणाला. "मोटारवाल्यानं नेली."

हळूहळू सगळं बाहेर आलं. बेटेगावच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी त्याच्या होणाऱ्या सासरचा पाडा. रविवारी डाळिंबी मोटार तिथे गेली, भोंगा वाजला, पोरं जमली. मोटारवाल्यानं पोरांना ओहोळापर्यंत फिरवून आणलं. त्यांच्यात ही मुलगीही बसली होती. त्यानंतर ती कोणाला दिसली नाही.

मी डायरीत नोंद घेतली, दोन शिपाई घेतले आणि सालवड गाठलं. मोटारीच्या मागच्या सीटच्या फटीत वारली मुली घालतात तशी पांढऱ्या मण्यांची तुटकी माळ सापडली. पंचांसमक्ष ती जप्त केली. मोटारवाल्या तरुणाचा चेहरा पांढराफटक पडला.

"पोरं बसली होती साहेब. एक मोठी मुलगी पण होती. सगळी आंब्याखाली उतरली. शपथेवर सांगतो."

शपथा आम्ही रोज ऐकतो. त्याला ताब्यात घेतलं. दुपारपर्यंत बातमी साइटवर पोचली आणि मजूर गाडी जाळायला निघाले. तिथे एक शिपाई बसवावा लागला. पाड्यावर वेगळी तुकडी पाठवली. विहीर पाहा, ओहोळ पाहा, घरोघरी चौकशी करा आणि मुलगी मिळेपर्यंत तिथून हलू नका, असा हुकूम दिला.

चौकशीची माझी एक पद्धत होती. माणसाला हकीकत शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावायची. रचलेली गोष्ट उलटी सांगता येत नाही. हा न अडखळता सांगत गेला. रडत होता, पण कुठे फरक पडत नव्हता. सांगता सांगता मागे येत भोंगा वाजवल्यापर्यंत पोचला, आणि म्हणाला, "पोरांच्या आधी म्हातारी माणसं आली साहेब. ओळीनं उभी राहिली. हातात विळे होते. मला वाटलं, गाडी बघायला आली. पण एकानंही मान वर केली नाही."

हे मी जबाबात लिहून घेतलं, पण मनातून जाईना. गाडी बघायला आलेला माणूस गाडीकडे बघतो. मान खाली घालून ओळीत कशाला उभा राहील?

दुसऱ्या दिवशी मी स्वतः पाड्यावर गेलो. दहा-वीस कुडाच्या झोपड्या. माझे शिपाई मधल्या झाडाखाली बसले होते, सगळं शोधून हात टेकले होते. एका म्हाताऱ्यानं मला बसायला खाट टाकली. मी त्याला विळ्यांचं विचारलं. मला हे कसं ठाऊक नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"भोंगा वाजला का घरटी एक मानूस. विळा घेऊन. रीतच हाय ती."

"कोणाची रीत?"

"शेटची. गवत कापाय जावं लागं. उशीर झाला का चाकाला बांधीत."

"आणि मजुरी?"

तो नुसता हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सांजच्याला परत यायची मोटार. पोरी न्यायाला."

मी खाटेवरून उठून उभा राहिलो. वेठीबद्दल मी वाचलेलं होतं. इथे तो माणूस उन्हाकडे पाठ करून, पावसापाण्याचं बोलावं तसं बोलत होता. मुलीच्या आईच्या थोरल्या बहिणीला अशीच मोटार घेऊन गेली होती. ती परत आली नाही. कोणी विचारायला गेलं नाही, कारण विचारायचं कोणाला?

"अहो बाबा, तो शेट मेला. वेठ बंद झाली. सरकारनं बंद केली," मी म्हणालो.

"मेला म्हनतात. आमी कुठं बगितला?"

आई आपल्या झोपडीच्या दारात पाण्याच्या हंड्याजवळ बसली होती. माझा अनुभव असा, की ज्याचं माणूस हरवतं तो प्रश्न विचारून जीव नकोसा करतो. काय कळलं, कुठे पाहिलं, कधी आणाल. ही बाई एकही प्रश्न विचारत नव्हती. ती शिपायांकडे बघायची, डोंगराकडे बघायची आणि पुन्हा हंड्याकडे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी म्हाताऱ्याला विचारलं, "मोटार यायची तेव्हा पोरींना लपवत होता का?"

"डोंगरात घळी हायेत," तो म्हणाला. "आत पोर ठेवायची, तोंडाला धोंडा लावायचा."

"कुठे आहेत?"

"ज्या घराची घळ त्या घरच्या बायांना म्हाईत. आईनं पोरीला दाखवायची. बाप्यांना नाय सांगत. बाप्या मार खाल्ला का बोलतो."

काय घडलं असेल ते आता मला दिसलं, आणि पुढे ते तसंच निघालं. ही आई रविवारी डोंगरउतारावर गवत कापत होती. भोंगा ऐकून धावत खाली आली, तर आपली मुलगी त्याच मोटारीतून उतरताना दिसली. तिनं दंड धरून ओढली आणि सरळ डोंगरात नेली. पाड्यावर ज्यांनी पाहिलं त्यांनी तोंड उघडलं नाही, आणि होणाऱ्या जावयालाही पत्ता लागू दिला नाही. रोज पाणी आणि भाकर नेऊन दिली असती. पण सोमवारी पोलीस येऊन बसले, आणि पोलिसांच्या देखत ती डोंगराकडे पाऊल टाकेना.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. "बाई, पोरगी जिवंत आहे ना? पाणी आहे का तिच्याजवळ?"

"मना ठाव नाय."

"शेट मेलाय."

"मेला त मोटार कशी आली?"

"ती दुसऱ्यानं घेतली. दुरुस्त केली. तो साधा नोकरदार माणूस आहे."

ती माझ्या पट्ट्याकडे आणि टोपीकडे बघत होती. "तुमीच त यायचे," ती म्हणाली. "मोटारीत फुडं बसून."

मी त्या वेळी शाळेत असेन. पण वर्दी तीच होती. मी शिपायांना पार लांब पाठवलं, टोपी काढली, हात जोडले. ती हलली नाही. ऊन चढत होतं, आणि डोंगरात कुठेतरी धोंड्यामागे एक पोरगी आदल्या दिवसापासून पाण्यावाचून पडली होती. हाका मारत डोंगर पालथा घालावा, तर पोलिसांच्या हाकेला ती ओ देणार नाही, हेही आता मला कळत होतं.

शेवटी जीप पाठवून त्या तरुणाला आणवला. मोटारीत कोण होतं ते आईनं डोळ्यांनी बघावं, एवढाच हेतू. कोठडीतून काढून नेताना बेडी घालायची रीतच होती, तसा तो बेडीसकट उतरला. दाढी वाढलेली, शर्टावर अजून ग्रीसचे डाग. मी बाजूला घेऊन त्याला सगळं सांगितलं. तो जीपच्या फूटबोर्डवर बसला.

"चाकाला बांधायचे?" त्यानं एवढंच विचारलं.

तेवढ्यात आई उठून जवळ आली. त्याच्या तोंडाकडे तिनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. ती त्याच्या हातांकडे बघत होती.

"ह्यो मोटारवाला?"

"होय."

"याला बेडी कोनी घातली?"

"मी घातली."

तिनं हात पुढे करून साखळीला बोट लावलं, मग ओढून पाहिली. आतापर्यंत माझी खात्री झाली होती की पोरगा निर्दोष आहे. मी खिशातून किल्ली काढत होतो. तो हळूच म्हणाला, "साहेब, राहू द्या. तिला नीट बघू द्या." आणि त्यानं दोन्ही हात तिच्यापुढे धरले.

ती बराच वेळ बघत राहिली. आजूबाजूची म्हातारी माणसंही पुढे सरकली. मोटारवाल्याच्या हातात बेडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. मग तिनं हंडा उचलला आणि डोंगराची वाट धरली. मी एकटा तिच्या मागे गेलो.

करवंदीच्या जाळीमागे घळ होती, माणूस वाकून जाईल एवढी. धोंडा मी आणि ती, दोघांनी मिळून सरकवला. मुलगी आत अंगाची मोटकुळी करून पडली होती. ओठ फुटलेले, डोळे मिटलेले. आई बोटं भिजवून तिच्या ओठांवर थेंब सोडत राहिली. मला वाटलं, संपलं. आम्ही सगळे मिळून हिला शोधायला बसलो आणि शोधता शोधताच मारली. मी देवाचं फारसं नाव घेणारा नाही, त्या वेळी घेतलं. थोड्या वेळानं तिचा गळा हलला. तिनं डोळे उघडले आणि आईला विचारलं,

"शेट गेला?"

शेट मेला तेव्हा ही मुलगी अंगणात रांगत असेल. तिनं त्याला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

तिला खाली आणलं. होणारा नवरा पाठुंगळी घ्यायला धावत आला. पाड्यावर रडारड सुरू झाली, आता मोकळेपणानं. मुलगी सापडली, गुन्हा घडलेला नाही, तेव्हा संशयिताला तिथल्या तिथे सोडणं माझं कर्तव्य होतं. मी किल्ली पुन्हा काढली. आईनं ती पाहिली. तिच्या तोंडचं पाणी पळालं आणि ती चटकन उठून मुलीच्या पुढे आडवी उभी राहिली.

मी जागच्या जागी थांबलो. तरुणानंही तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो वळला आणि बेडीतल्या हातांनीच जीपमध्ये जाऊन बसला. आम्ही निघालो तेव्हा म्हातारी माणसं वाटेच्या कडेला उभी होती. या वेळी माना वर होत्या, आणि सगळे त्याच्या हातांकडे बघत होते.

ओहोळ ओलांडून वळण आल्यावर मी जीप थांबवून त्याची बेडी काढली. मनगटं चोळत तो हुंदके देऊन रडला. "मला कोणीच कसं सांगितलं नाही साहेब?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मला तरी कोणी सांगितलं होतं? ती गाडी त्यानंतर त्या बाजूला गेली नाही.

कागदोपत्री या प्रकरणात एवढंच आहे, की हरवलेली मुलगी मिळून आली, तक्रार नाही. वरिष्ठांना मी तोंडी सगळं सांगितलं. वेठ कायद्यानं बंद होऊन वर्षं लोटली होती. पण ती बंद झाली हे त्या बाईला सांगायला सरकारचा माणूस कधी त्या पाड्यावर गेला नव्हता. पुढे नोकरीत कोणी खोटं बोलताना आढळलं की मी हात उगारण्याआधी विचार करायचो, की हा माणूस कोणाला वाचवतोय आणि कोणापासून. पुष्कळदा उत्तर आमच्याकडेच बोट दाखवायचं.

निर्दोष माणसाला बेडीत ठेवून मी मैलभर नेला. कायद्यात याला जागा नाही. नोकरीत मी शेकड्यांनी बेड्या घातल्या. पण बेडी बघून एखाद्या आईनं आपली पोर घरी आणली असं एकदाच घडलं, आणि त्या बेडीतल्या माणसानं काहीच केलेलं नव्हतं.