बावीस थाळ्या आणि ‘पुरे’चं बटण

खानावळीतली भांडी घासली की संपतात, किस्से संपत नाहीत. माझ्याकडे एका टेबलाचेच ढीगभर साठलेत आणि बहुतेकांत येडपट मीच आहे.

माझी खानावळ अंबरनाथला, शिवमंदिराच्या रस्त्यावर. मुलगी प्रज्ञा डिझायनर. सहा अनोळखी माणसांनी एकत्र बसून जेवायचं असं टेबल तिने काढलं. वरची काच म्हणजेच स्क्रीन. आपल्या जागेसमोर बोट लावायचं, ऑर्डर थेट किचनमध्ये. बदलापूरचा एक हॉटेलवाला ते बघायला येणार होता. त्याला पटलं तर प्रज्ञाचं स्वतःचं पहिलं काम, नाही तर पुन्हा दुसऱ्याच्या ऑफिसात लग्नपत्रिका सजवायच्या. तोवर टेबल माझ्याकडे चालवून बघायचं ठरलं.

* * *

टेबल बनलं उल्हासनगरला, गोपभाईंच्या वर्कशॉपमध्ये. प्रज्ञा म्हणाली, “आई, मजबूत आहे का बघ.” मी चप्पल काढली आणि वर चढून दोन उड्या मारल्या.

गोपभाईंच्या हातातला चहा हातातच राहिला. “बहनजी, इस पे खाना खाना है.”

“आमच्याकडे पंखा टेबलावर चढूनच पुसतात,” मी म्हटलं.

काच जाड करावी लागली.

* * *

पहिल्याच सकाळी आमचा आचारी सुधाकर बाहेर आला. “ताई, बावीस थाळ्या कुणाला?”

खानावळीत माणसं दोन. मी त्यांच्यावरच गेले. “मस्करी करता काय? पोरीची मेहनत आहे ती.”

एक जण घाबरून म्हणाला, “मावशी, आम्ही अजून हात पण नाही धुतले.”

प्रज्ञाने माझ्या हातातल्या ओल्या फडक्याकडे बघितलं. “आई, ऑर्डर तू दिलीस. आणि पुसायची थांब, आता ताक मागवतेयस.”

* * *

मग तिने पुसण्यासाठी वेगळं बटण टाकलं. दाबलं की स्क्रीन झोपते, परत दाबलं की उठते. मी दाबलं, पुसलं आणि विसरले.

दुपारची गर्दी. लोक बोटं लावतायत, काही होत नाही. मी गल्ल्यावरून ओरडले, “जोरात दाबा, नवीन आहे.” कंपनीतल्या एका फिटरने मूठच हाणली.

“काच तुझ्या बापाची आहे काय?”

“तुम्हीच बोलला ना जोरात.”

त्याचं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला.

* * *

जांभूळ गावचे एक काका-काकू समोरासमोर बसले. किचनमध्ये निरोप यायला लागले. सुरमई. सुरमई नको. सुरमई. सुरमई नको. सुधाकर मासा तव्यावर टाकतोय, काढतोय. शेवटी मीच गेले. “काका, एकदा काय ते ठरवा.”

“ताई, मी फक्त मागवतो,” काका म्हणाले. “ठरवायचं बटण पलीकडे आहे.”

काकूंनी बोट काचेवरून उचललंही नाही.

* * *

माझ्यामुळे आणखी एक बटण आलं, ‘पुरे’. मी वाढताना विचारत नाही. माणसाने हात आडवा धरला की मी हाताच्या बाजूने वाढते. आमच्या घरात आडवा हात म्हणजे लाजणं. आता ‘पुरे’ दाबलं की पानासमोर लाल दिवा लागायचा.

लाल दिव्याच्या एका बाईंना मी दोन डाव भात वाढला. प्रज्ञा म्हणाली, “आई, लाल म्हणजे थांबायचं.”

“सिग्नलला थांबते की. इथे कशाला?”

म्हणून तिने तीनदा दाबलं की किचनमध्ये घंटा वाजेल असं केलं. मला आवरायला सुधाकर.

* * *

हॉटेलवाला आला. प्रज्ञाने मला सकाळीच बजावलेलं, “आज तू फक्त हसायचं.” ते मला जमत नाही.

तो बसला, बोटं फिरवली, थाळी मागवली, जेवला. थाळीतून मान वर नाही. प्रज्ञा समजावून सांगत होती, मग तेच तेच परत सांगायला लागली. मला बघवेना. मी जाऊन त्याला भाजी वाढली.

त्याने ‘पुरे’ दाबलं. लाल. मी चपाती टाकली. त्याने परत दाबलं. “लाजू नका,” म्हणत मी भात घातला. त्याने तिसऱ्यांदा दाबलं.

घंटा वाजली. सुधाकर झारा घेऊन धावत बाहेर. “ताई, सोडा त्यांना!”

प्रज्ञाने डोळे मिटून घेतले.

हॉटेलवाल्याने दिव्याकडे बघितलं, सुधाकरकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे. “हॉटेलला चार द्या,” तो प्रज्ञाला म्हणाला. “पण आधी एक छोटं, घरी बसवून मिळेल?”

“घरी?”

“आई गावाहून राहायला आलीय.”